मायांगच्या वाटचं बोट

४ ऑगस्ट

ही वही डॉक्टर येनींनी दिली. मायांगने काय खाल्लं, कधी खाल्लं आणि अंगावर पुरळ कधी उठलं, एवढंच हिच्यात लिहायचं आहे. "फक्त एवढंच हं, इबू सल्बियाह," असं त्यांनी दोनदा बजावलं. पोंतियानाकच्या वर्तमानपत्रात मी एकोणीस वर्षं दर गुरुवारी लोकांच्या खोड्या काढते, हे त्यांच्या कानावर गेलेलं दिसतं.

तर. सकाळी भात, उकडलेलं अंडं. दुपारी भात, कोंबडी, काकडी. संध्याकाळी तेच. पुरळ नाही.

झालं. पण पान अजून निम्मं रिकामं आहे, आणि रिकामं पान मला बघवत नाही.

मायांग माझ्या धाकट्या भावाची, रुसलीची मुलगी. वय नऊ. मी बापाची थोरली बहीण, म्हणून तिची माक लोंग. तिची आई सीमेपलीकडे कुचिंगला एका घरी कामाला असते, ईदला येते. रुसली बांडोंगवर सुकाणू धरतो. बांडोंग म्हणजे पाण्यावर तरंगणारं वाण्याचं दुकान. मीठ, तांदूळ, चपला, सिमेंट भरून कापुआस नदीने वर जायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी रबर घेऊन खाली यायचं. तेवढे दिवस पोरगी आमच्याकडे, म्हणजे मी आणि माझी आई, उमाक, यांच्यात. घर पाण्यात खांबांवर उभं आहे. दारापुढून फळ्यांचा रस्ता जातो, त्याच्या फटींतून नदी दिसते, आणि नदीला आमचं सगळं ऐकू जातं.

आठ वर्षं कोळंबी खाऊन वाढलेल्या या पोरीचा गळा फेब्रुवारीत एका लग्नात कोळंबीच्याच घासाने आवळला. ओठ फुगले, डोळे मिटले. आरोग्य केंद्रात मांडीत सुई टोचली तेव्हा कुठे ती परत आली. तेव्हापासून कोळंबी बंद, सुका जवळा बंद, कोळंबी आंबवून केलेलं बलाचान बंद. खायचं नाही, चाखायचं नाही, शिवायचंसुद्धा नाही. आमच्या गावात हे सोडलं तर उरतं पाणी, आणि पाण्याचीही मी खात्री देत नाही.

आता घरात जवळ्याचं मिशीएवढं टोक नाही. उमाकने साठ वर्षांचा पाटा शेजारी देऊन टाकला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तरी जूनपासून मधूनच पुरळ उठतं. कुठून येतं ते शोधायला ही वही.

७ ऑगस्ट

पुरळ. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक आणि खालचा ओठ. बाकी अंग स्वच्छ. आजार कसला, शाई पुसल्याचा डाग वाटावा असा.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग हे काय?"

"झोपेत आलं."

रुसली आज पहाटे वर गेला. काल संध्याकाळी शेजारची काक, म्हणजे ताई, उनाय त्याला निरोप म्हणून पेंगकांग घेऊन आली होती. पेंगकांग म्हणजे जवळा भरून केळीच्या पानात भाजलेला चिकट भात. तिने ताट मायांगपुढेही धरलं. "खाऊ नको, पण शीव तरी गं बाई. बाप नदीवर चाललाय."

आमच्याकडे कुणी खाणं पुढे केलं आणि नाही म्हणायचं असलं, तर त्याला बोट लावून ते बोट ओठाला लावायचं असतं. म्हणजे अन्नाचा मान राहतो. न शिवता उठलात की तुम्ही कंपुनान झालात. मग साप चावतो, फळी मोडते, मगर ओढून नेते. तुमचं नाही तर तुमच्या माणसाचं काहीतरी होतंच. शिकलेले लोकही शिवतात, फक्त डोकं खाजवल्यासारखं करून.

मी उनायला सांगितलं, "डॉक्टरांनी शिवायलाही मनाई केली आहे. मगरीला सांग, चिठ्ठी दाखवते." मायांग शहाण्यासारखी म्हणाली, "नको, माझं झालंय." मला अभिमान वाटला. ताट रात्रभर आमच्या स्वयंपाकघरात झाकून होतं, नक्की त्याचाच वास लागला. उद्यापासून उनायचं ताट उंबऱ्याबाहेर.

१२ ऑगस्ट

शाळेतून बोलावणं. बाई बिचाऱ्या घाबरून बोलतात, त्यांना वाटतं मी लिहीन.

"इबू, मायांग हुशार होती हो. आता सात आणि आठ किती विचारलं तर खिडकीबाहेर बघते. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसते. मुलं तिला उदांग म्हणतात."

उदांग म्हणजे कोळंबी. मुलांची कल्पनाशक्ती आमच्या संपादकाएवढीच आहे.

घरी येताना मी विचारलं, "जिन्याखाली काय करतेस?"

"तिथे कुणी काही देत नाही."

"आणि सात आणि आठ?"

तिने फळ्यांतली एक फट उडी मारून ओलांडली. मग म्हणाली, "डोक्यात कापूस आहे, माक लोंग. आकडा जातो, पण पलीकडे पोचत नाही."

खाजेचं सिरप रोज दोन वेळा. त्याने दिवसा पेंग येते, आणि खाजेने झोप लागत नाही. मला आधी वाटलं होतं की पोरगी माझ्यावर गेली, स्वप्नाळू झाली. आता वाटतं, स्वप्नाळूपणाची बाटली आम्हीच आणतो, झाकणाने मोजून.

१७ ऑगस्ट

आमचा स्वातंत्र्यदिन. शाळेत नेहमीची शर्यत. दोरीला टांगलेली कुरकुरीत वडी हात पाठीमागे बांधून तोंडाने खायची. वडी कोळंबीची. बाई मनाच्या चांगल्या, त्यांनी मायांगच्या दोरीला केळं बांधलं.

बावीस वड्या आणि एक केळं. पोरं हसून आडवी पडली. मायांग हात पाठीशी धरून केळ्यासमोर उभी राहिली. चावली नाही, रडलीही नाही. शिट्टी वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत होती.

"खाल्लं का नाहीस?"

"ते हलत होतं. मला वाटलं तेही नको म्हणतंय."

दिवसभरात भाताचे चार घास. पुरळ नाही.

२२ ऑगस्ट

धूर आला. दर वर्षीप्रमाणे कुणीतरी वरच्या दलदलीच्या जमिनी पेटवल्या, आणि दर वर्षीप्रमाणे कुणीच पेटवलेल्या नाहीत. नदीचा पलीकडचा काठ पुसला गेलाय. होड्या आवाजाने येतात आणि आवाजाने जातात. सूर्य खारवलेल्या अंड्यातल्या बलकासारखा लटकतो, त्याच्याकडे टक लावून बघता येतं. शाळा बंद. आम्ही तिघी ओले पंचे तोंडाला धरून बसतो आणि एकमेकींना लांबच्या नातेवाईक वाटतो.

मायांग दुपारी झोपून उठली आणि स्वप्न सांगू लागली. नदीच्या तळाशी गाव आहे. तिथे होडीएवढ्या कोळंब्या राहतात, पाठीवर एकेक घर. सगळ्या फार गोड बोलतात. "या, आत या, जेवून जा." ती म्हणते, माझं झालंय. त्या रागावत नाहीत, पण एकेक करून घराचा दिवा विझवतात. शेवटच्या घरात अयाह बसलेला असतो, म्हणजे तिचा बाप.

"मग?"

"मग तू उठवलंस."

वजन वीस किलो. मे महिन्यात तेवीस होतं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक किलो गेलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. मी मायांगला नळीबद्दल सांगितलं नाही. उमाकला सांगितलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि संध्याकाळी तीन प्रकारचा भात केला.

२८ ऑगस्ट

रुसली आला. कपाळावरचे जूनमधले टाके आता पांढरे पडलेत. तेव्हा तायानच्या वळणावर त्याची बांडोंग ओंडक्यावर आपटली होती. मायांग त्याच्या मांडीवर चढून त्या खुणेवरून बोट फिरवत राहिली. मग दोन वाट्या भात, दोन अंडी, पपई. वर विचारते, अजून आहे का?

बाप दिसला की भूक लागते. हे औषध कुठल्या दुकानात मिळत नाही म्हणून डॉक्टर लिहून देत नसावेत.

रुसली म्हणाला, "काकाक, तुझी ती मगर वर सिंतांगपर्यंत पोचलीय. कॉफीच्या टपरीवर भिंतीला चिकटवलीय."

म्हणजे माझा एप्रिलमधला लेख. कंपुनानची मी त्यात यथेच्छ खिल्ली उडवली होती. लोक अजून रस्त्यात थांबवून हसतात. मायांगसुद्धा माझी कात्रणं जपून ठेवते. घरात एक तरी वाचक आहे.

६ सप्टेंबर

धूर दाट. नदी उतरलीय, ओंडके पाण्याबरोबरीने तरंगतात. रुसली परवा निघणार. मालक म्हणतो, वर लोकांकडे मीठ नाही.

मायांगने तीनदा विचारलं, "धुरात ओंडका दिसतो का?"

रुसली म्हणाला, "ओंडका दिसला नाही तरी ओंडक्याला मी दिसतो."

विनोद करायची खोड आमच्या घराण्यातच आहे. पोर हसली नाही.

उद्या उनायच्या नातवाची सुंता, जेवण आहे. मायांगला नेऊ नये असं मला वाटतं. पण ती स्वतःच म्हणाली, "मी येणार." किती महिन्यांनी ती माणसांत यायला तयार झाली! डबा बरोबर नेऊ.

९ सप्टेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. क्रमाने लिहिते.

सात तारखेला आम्ही उनायकडे जेवायला बसलो. आमच्याकडे जमिनीवर कापड अंथरून एका कापडाभोवती सहा जण बसतात. मधले पदार्थ सगळ्यांचे, रांगेतून हातोहात पुढे सरकवायचे. मायांग माझ्या आणि रुसलीच्या मध्ये होती, पुढ्यात स्वतःचा डबा. ती म्हणाली, "मी वाट्या पुढे देते." मी म्हटलं, वाट्यांना कडेने धर. ती एकेक वाटी घेई आणि जपून पुढे देई. कोळंबीचा रस्सा, शिंपल्यांची चटणी, अननस, बलाचान घातलेली मिरची. उनाय म्हणाली, "बघा, किती गुणाची!" मी मान डोलावली. मी तिच्या शेजारी बसून मान डोलावत होते.

चौथ्या वाटीनंतर तिने बोट तोंडात घातलं. मला वाटलं, लहान मूल आहे.

मग ती खोकली. मग तिचा आवाज बारीक झाला. "माक लोंग, कापूस घशात आला."

रुसलीने तिला उचललं आणि धुरातून फळ्यांवरून धावत सुटला. मी मागे. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त फळ्यांचा आवाज. तो आवाज थांबला तर काय, एवढंच मनात. आरोग्य केंद्रात सुई टोचली, दहा मिनिटांनी दुसरी. मग बोटीने मोठ्या दवाखान्यात.

ती वाचली. हे आधी लिहायला हवं होतं.

रुसली एक दिवस थांबला. आज सकाळी मालकाने दुसरा सुकाण्या मिळत नाही म्हणून निरोप धाडला आणि त्याला जावं लागलं. त्याला जाताना पाहून मायांग रडेल असं वाटलं होतं. ती नळ्या लावलेल्या हाताने त्याला थोपटून म्हणाली, "जा तू. मी सगळ्यांना शिवलंय."

आम्हाला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय.

१० सप्टेंबर

तिला चित्र काढायला पेन्सिल हवी होती म्हणून तिचा कंपास उघडला. तळाशी घडी घातलेलं कात्रण होतं. माझी मगर.

एका वाक्याखाली पट्टी धरून रेघ ओढलेली. वाक्य माझंच. "तायानच्या वळणावर बांडोंग ओंडक्यावर आपटते ती सुकाण्याच्या चुकीने नव्हे. त्याच्या घरी कुणीतरी पोर पेंगकांगला न शिवता 'नको' म्हणालेली असते."

कडेला बारीक अक्षरात: "जून. काक उनाय. शिवले नाही."

ते वाक्य मला किती आवडलं होतं! तायान नाव मी नुसतं कानाला बरं लागलं म्हणून घातलं होतं.

मग ही वही मागे चाळली. सात ऑगस्टचं पुरळ, बोट आणि ओठ. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा, जून, जुलै. आठवून बघितलं, तर प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी कुणीतरी ताट घेऊन आलेलं, आणि रुसली निघालेला. ऑगस्टचं तर सगळं मीच लिहिलंय. जगातल्या प्रत्येक माणसाचं ढोंग मला लांबून ओळखता येतं.

११ सप्टेंबर

"मायांग, ते मी गंमत म्हणून लिहिलं होतं."

"ओंडका पण?"

"ओंडका आपोआप आला."

"तू एप्रिलमध्ये लिहिलंस. तो जूनमध्ये आला."

"योगायोग असतो तो."

तिने विचार केला. नव्या औषधाने पेंग येत नाही. विचार करताना ती जुन्या मायांगसारखी दिसते, कपाळाला आठी घालून.

"तू लिहिलं होतंस की पुलाचं सिमेंट कुणीतरी खाल्लं. ती पण गंमत?"

"नाही, ते खरं आहे."

"सिमेंट खाल्लं ते खरं, आणि मगर खोटी?"

मी तिची पेन्सिल उचलून टोक काढायला घेतलं.

"कुठलं कसं ओळखायचं ते तू खाली लिहीत जा," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. जेवण तसंच राहिलं. नळीची गोष्ट आता नर्स उघड बोलतात.

१२ सप्टेंबर

आज लेख दिला नाही. आकिओंग, आमचा संपादक, फोनवर म्हणाला, "काक, लोक विचारतील, कुणी दम दिला?" मी म्हटलं, सांग, एका नऊ वर्षांच्या मुलीने.

डॉक्टर येनींना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या दायाक जमातीच्या, नदीच्या वरच्या अंगाच्या. म्हणाल्या, "मी अजून शिवते. ऑपरेशनच्या दिवशी तर नक्की." मग गंभीरपणे, "हिच्या अंगाला कोळंबी चालत नाही, पण आत्ता ती भीतीने उपाशी आहे. खाल्लं तर मी मरेन, नाही खाल्लं तर अयाह. एवढं ओझं घेऊन सात आणि आठ कोण करणार? दर मंगळवारी एक बाई येतात, मुलांशी बोलतात. त्यांच्याकडे पाठवा. आणि तिने शिवायचं नाही, हे मात्र दगडावरची रेघ."

"पण तिला पटत नाही."

"तुम्हाला तरी पटवता येतं का? तुम्ही तर खोडी काढता."

डॉक्टरीण लिहू लागली तर माझी नोकरी जाईल.

१३ सप्टेंबर

उमाक दवाखान्यात आली. बोटीतून धुराला शिवी हासडत उतरली, पलंगावर बसली, पान काढलं. मायांगने तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं नव्हतं तेही. जुलैत एकदा शाळेतल्या बाईंच्या डब्याला बोट लावायचं राहिलं, म्हणून ती मधल्या सुट्टीत केराच्या टोपलीपर्यंत गेली होती.

उमाकने पान चावून संपवलं.

"मग तुझ्या वाटचं दुसऱ्याने शिवायचं."

"तसं चालतं, नेक वान?" तिने आजीला विचारलं.

"न चालायला काय झालं? माझ्या अंगात ताप होता तेव्हा माझ्या आईने माझ्या वाटचं शिवलं."

मी विचारलं, "कधी गं? हे कधी बोलली नाहीस."

"शिवलं म्हटलं ना!" आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पन्नाशीची बाई तिची पिशवी आवरू लागले. ती ते तिथल्या तिथे रचत होती असा माझा दाट संशय आहे. पण तिच्याइतक्या सहज मला कधी काही रचता आलेलं नाही.

मायांगने कपाळाला आठी घातली. "लांबच्या माणसाने शिवलं तर?"

"रक्ताचं हवं."

"माक लोंग चालेल?"

"चालेल. रक्ताचीच आहे ती, जीभ तेवढी परकी."

"पण ती हसते."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. बाहेर धुरात एक होडी भोंगा वाजवत गेली, नुसता भोंगाच. मी म्हटलं, "नाही हसणार."

"शपथ?"

"शपथ."

नर्सने शेजारच्या पलंगाचं ताट चुकून इकडे आणलं होतं. त्यात कोळंबी होती. मी बोट लावलं, ओठाला लावलं. मायांग म्हणाली, "नाव घे." मी म्हटलं, "मायांगच्या वाटचं." उमाकने ताट घेऊन दाराबाहेर नेलं. थोड्या वेळाने मायांगने पेजेचे तीन चमचे घेतले, घाई न करता, प्रत्येकानंतर वाट बघत.

तीन चमचे. वहीत हेच लिहायचं असतं ना? लिहिलं.

२३ सप्टेंबर

परवा घरी सोडलं. वजन वीस किलो दोनशे. आज बिनसावलीचा दिवस. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आमच्या डोक्यावर येतो आणि गावातल्या एकेका वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. दोन दिवसांच्या वाऱ्याने धूर विरळ झाला होता. मायांग म्हणाली, जाऊ या.

विषुववृत्ताच्या खांबापाशी जत्रा. साडेअकराच्या पुढे सगळे हळूहळू बोलायचे थांबले. झाडाची सावली आखडत गेली, खांबाची गेली. मायांग स्वतःच्या पायांकडे बघत होती. तिची सावली चपलांएवढी उरली, मग चपलांच्या आत गेली. माणसं कागदावर काढल्यासारखी दिसू लागली, कुठूनही उचलून घ्यावीत अशी. लोक जमिनीवर अंडी उभी करत होते, आणि ती उभी राहत होती.

मायांग कुजबुजली, "आत्ता आपण कुणाला सापडणार नाही."

"कुणाला?"

"ज्यांना सावलीवरून आपण सापडतो त्यांना."

तेवढ्यात पेंगकांगवाली आली. गोल चेहऱ्याची, घामाने चमकणारी. "घे गं पोरी, गरम आहे. पैसे नकोत, आज सावली नाही, आज फुकट!"

मायांगचा हात उठला. बोट पुढे आलं. मी बघत होते, ओरडले नाही, का ते माहीत नाही. बोट हवेतच थांबलं. मग तिने ते मिटून मुठीत घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी पेंगकांगला बोट लावलं, ओठाला लावलं. "मायांगच्या वाटचं."

बाई हसली. "हे काय नवीन?"

मी हसले नाही. गोतावळ्यातल्या कुणी बघितलं असतं तर मला वेड लागलंय म्हणून गावभर झालं असतं.

मायांग म्हणाली, "पुन्हा. घाई केलीस."

मी पुन्हा केलं, सावकाश. त्या बाईला काय समजलं कोण जाणे, पण दुसऱ्या वेळी तिनेही ताट दोन्ही हातांनी धरलं.

मायांग खांबाच्या पायरीवर बसली, डबा उघडला. भात, अंडं, काकडी. सगळं खाल्लं. डब्याच्या कोपऱ्यातलं एक शीत बोटाने टिपून खाल्लं. ते खाताना तिच्या टाचेखालून सावली बाहेर येऊ लागली, बारीक, ओली असल्यासारखी. ती दिसल्यावर ती दचकली नाही. पाय हलवून बघितला, सावलीनेही हलवून दाखवला.

परतीच्या बोटीत माझ्यावर टेकायला आली आणि मध्येच थांबली. "हात धुतलास?"

मी बाटलीतल्या पाण्याने धुतला. मग टेकली.

३० सप्टेंबर

रुसलीचा फोन नाही. वर कुठे लागतच नाही. गेल्या आठ दिवसांत मी उनायचा केक, मशिदीतला फराळ, एका अनोळखी म्हाताऱ्याची बिस्किटं आणि आकिओंगच्या मुलीच्या वाढदिवसाचं सगळं टेबल, इतक्यांना शिवले. आकिओंग म्हणाला, "काक, मगरीने तुला गाठलं की काय?"

मंगळवारच्या बाईंकडे मायांग गेली. काय बोलली विचारलं तर म्हणते, "ते आमचं." सात आणि आठ पंधरा, हे मात्र न विचारता सांगितलं.

आणि खरं लिहायचं तर शुक्रवारी छापखान्यात कुणीतरी कोळंबीच्या वड्यांची पिशवी पुढे केली आणि मी 'नको' म्हणून निघून आले. मायांग नव्हती तिथे, पिशवी मला एकटीला देऊ केली होती. जिना उतरले, रस्ता ओलांडला. तिथे थोडा वेळ उभी राहिले. परत गेले नाही. एकोणीस वर्षांची अब्रू होती.

३ ऑक्टोबर

रुसली आला. बोट धक्क्याला लागताना आम्ही तिघी उभ्या. तो उतरला तो उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. दोरात अंगठा सापडला, नख गेलं. शुक्रवारी.

मायांगने फडक्याकडे बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे जुनं सगळं परत येईल, भिंतीकडे वळलेली पाठ, जिन्याखालची जागा, आणि मी काय करणार होते, लेख लिहिणार होते?

तिने फडक्यावरची नजर उचलली आणि माझ्यावर रोखली.

"माक लोंग. कुठे राहिलं?"

रुसली हसत सांगू लागला की दोर जुना होता, की मालक कवडीचुंबक आहे, की नख पुन्हा येतं. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मी म्हणू शकले असते, योगायोग. ते खरंही असतं.

मी म्हटलं, "छापखान्यात. शुक्रवारी. वड्या होत्या. माझी चूक."

"शिवली नाहीस?"

"नाही."

"लाज वाटली?"

"हो."

तिने एक मोठा श्वास सोडला. इतका मोठा श्वास तिच्या छातीत मावत होता हे मला ठाऊक नव्हतं. खांदे खाली आले. जूनपासून ते वर उचललेलेच होते, हे मला ते खाली आल्यावर कळलं. ती माझ्यावर रागावली होती. अगदी मनापासून, स्वच्छ, नऊ वर्षांच्या मुलीने रागवावं तशी. माझ्यावर.

"पुढच्या वेळी नीट कर," ती म्हणाली. मग बापाला, "चल, भूक लागलीय."

उमाकने माझ्याकडे न बघता पान तोंडात टाकलं.

घरी उनाय आधीच येऊन बसली होती, उंबऱ्याबाहेर, झाकलेल्या ताटासकट. रुसलीसाठी कोळंबीचा रस्सा. तिने झाकण काढलं. आत चौघांची ताटं मांडल्याचा आवाज, मायांगचा आवाज, "माझं अंडं कुठाय?"

मी उंबऱ्यावर बसले. बोट लावलं, ओठाला लावलं, नाव घेतलं. सावकाश. कुणी बघत नव्हतं, नदी सोडून.

आतून हाक आली, "माक लोंग, झालं? ये ना जेवायला."

"आले," म्हटलं, आणि हात धुवायला गेले. साबण लावून, दोनदा.